हनुवटीवरचे मुरूम आणि 'त्या' गोळ्या : डॉक्टरांनी लिहून दिल्यात, घरात कसं सांगू?

मांजराकाठ (लातूर) | ४ जुलै, रात्री १०:२०

मी २६ वर्षांची आहे. लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. शाळेत असताना मला मुरूम आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. चोविसाव्या वर्षी सुरू झाले, तेही कपाळावर नाही. जबड्याच्या कडेनं, हनुवटीवर, थोडे मानेवर. तोंड नसलेल्या, आत दडलेल्या, हात लागला तरी ठणकणाऱ्या गाठी. पाळीच्या आठेक दिवस आधी उठतात, पाळी झाली की बसतात आणि काळा डाग ठेवून जातात. तो डाग फिका पडेस्तोवर पुढची पाळी येते.

दोन वर्षं घरचे उपाय केले. मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, सब्जाचं पाणी. 'अंगात उष्णता झालीय' म्हणून शेंगदाण्याची चटणी बंद, गूळ बंद. मध्ये शेजारच्या काकूंनी एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा इतका नितळ झाला की मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले. ट्यूब संपली आणि चेहऱ्याची आग आग. लाल, सुजलेला, दुप्पट पुटकुळ्या. त्यात स्टिरॉइड होतं हे फार उशिरा कळलं.

शेवटी मे महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा आजार) नाही, हार्मोनचे आकडे नॉर्मल. रात्री लावायला अडापलीन, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि एक गोळी, ड्रोस्पिरेनोन व एथिनिल एस्ट्रॅडिओलची. डॉक्टर म्हणाले, ही संततिनियमनाची गोळी आहे, पण आपण ती मुरुमांसाठी देतोय. मी मान हलवली आणि उठले. आत-बाहेर मिळून पाच मिनिटं झाली असतील.

पाकीट आईला सापडलं. तिनं वरचं वाचलं. तीन दिवस झाले, माझ्याशी धड बोलायली नाही. घरात स्थळं पाहायलेत, त्यात हे. मी अजून एकही गोळी घेतलेली नाही. खरंच या गोळीनं मुरूम जातात का? पुढं मूल व्हायला त्रास होतो का? आणि आईला काय सांगू?

---

गोदाकाठची (नांदेड) | ४ जुलै, रात्री ११:०५

मांजराकाठ, तुझ्या जागी मी दहा वर्षांपूर्वी होते. मला पीसीओडी होतं, पाळी दोन-दोन महिने यायची नाही, जबड्यावर अशाच गाठी आणि ओठावर लव. माझी गोळी दुसरी होती, सायप्रोटेरोन आणि एथिनिल एस्ट्रॅडिओलची, २१ दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचं. पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. उलट मळमळायचं, छाती जड वाटायची, मध्येच डाग लागायचे. मी सोडायच्या बेतात होते. चौथ्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं की या वेळी पाळीआधी नवीन गाठ उठलीच नाही. सहाव्या महिन्यात डाग सोडले तर चेहरा स्वच्छ.

मूल होण्याचं विचारतेस म्हणून सांगते. दोन वर्षं घेतली, लग्नानंतर डॉक्टरांना विचारून बंद केली, सात महिन्यांनी दिवस राहिले. मुलगी आता पाच वर्षांची आहे. पण गोळी थांबवल्यावर मुरूम थोडे परत आले, हेही खरं.

आईवर रागावू नकोस गं. पाकिटावर जे छापलंय तेच ती वाचणार.

---

त्वचावैद्य_संभाजीनगर | ५ जुलै, सकाळी ७:४०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. समोर न पाहिलेल्या माणसाला औषध सांगता येत नाही, पण हे औषध कसं चालतं ते प्रत्येक मुलीला कळायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाईच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजन हार्मोन असतात. बीजकोश आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ती तयार करतात. त्वचेतल्या तेलग्रंथी त्यांच्या हुकमानं तेल बनवतात. तेल वाढतं, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत नेहमी राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. रक्ताचे आकडे नॉर्मल असूनही हे होतं, कारण अनेकींच्या तेलग्रंथी नेहमीच्याच अँड्रोजनला जास्त जोरानं प्रतिसाद देतात. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे हे हार्मोनचं नाही' असं म्हणता येत नाही.

दोन हार्मोनची गोळी दोन ठिकाणी काम करते. बीजकोशातून येणारं अँड्रोजन कमी होतं. शिवाय तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. तेलग्रंथींपर्यंत पोचणारं कमी होतं. पण आज गोळी घेतली आणि उद्या तेल थांबलं असं नसतं. तीन महिने तरी वाट पाहावी लागते, पुरता अंदाज सहा महिन्यांनी येतो. बऱ्याच मुली दुसऱ्या महिन्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात आणि आम्हाला त्या परत दिसतही नाहीत. तोवर लावायची औषधं चालूच ठेवायची. गोळीच्या जोडीनं तीच पहिल्या महिन्यांत आधार देतात.

वंध्यत्व येत नाही. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत बीजकोशाचं चक्र पूर्ववत होतं. पीसीओडी असेल तर अनियमित पाळी परत दिसते आणि लोक म्हणतात गोळीनं बिघडवलं. तो आधीचा आजार असतो, गोळीखाली झाकलेला.

खरा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. शिरेत रक्ताची गुठळी. युरोपच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये आढावा घेतला होता. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे जुन्या प्रकारचं हार्मोन असलेल्या गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पिरेनोनच्या गोळीवर ९ ते १२ जणींना. सायप्रोटेरोनच्या गोळीचा धोकाही लेव्होनॉर्जेस्ट्रेलपेक्षा जास्त, म्हणून ती बाकी उपाय थकल्यावर द्यायची. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका या सगळ्यांपेक्षा मोठा असतो. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण न विचारता देण्यासारखंही नाही.

तेव्हा मांजराकाठ, तुम्हाला प्रश्न. रक्तदाब मोजला होता का? घरात आई, मावशी, बहीण कुणाला पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती? तंबाखू, मिश्री, सिगारेट? यकृताचा आजार? टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू आहेत? आणि डोकं दुखतं का, दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का? पाच मिनिटांत हे विचारून झालं असेल तर माफ करा.

---

दोन_लेकींची_माय (अंबाजोगाई) | ५ जुलै, दुपारी २:१५

मी आईच्या बाजूनं लिहिते. माझी धाकटी एकोणीस वर्षांची, तिलाही असंच आहे. असं पाकीट मला सापडलं असतं तर माझ्याही पोटात गोळा आला असता. गोळी वाईट म्हणून नाही. लेकीनं आपल्याला सांगितलं नाही म्हणून. आणि गाव लहान. मेडिकलवाला ओळखीचा, डॉक्टरांचा कंपाउंडर ओळखीचा. पाहुण्यांच्या कानावर गेलं की गोष्ट कुठल्या कुठं जाती.

बाळा, आईला सोबत घेऊन जा. डॉक्टरांनाच सांगू दे. पोरीच्या तोंडून ऐकलं की आईला ती सबब वाटते, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की औषध.

---

औषधवाली_परभणी | ५ जुलै, रात्री ९:३०

माझं मेडिकल आहे, बारा वर्षं काउंटरवर उभी आहे. माय, तुमचं म्हणणं पटतं. पण काउंटरवर रोज काय चालतं ते सांगते, त्यावरून कळेल किती घोळ आहे.

बायका 'पाळीची गोळी' म्हणतात आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. महालक्ष्म्यांच्या आधी, लग्नाच्या आधी, तुळजापूरला जायच्या आधी पाळी पुढं ढकलायला घेतात ती नोरेथिस्टेरॉन. ती मुरुमांची गोळी नव्हे. तिनं काही जणींना उलट पुटकुळ्या येतात. दुसरी, दिवस राहू नयेत म्हणून संबंधांनंतर घेतात ती बहात्तर तासांची गोळी. तीही मुरुमांची नव्हे, तिनं पाळीचं वेळापत्रक तेवढं हलतं. तिसरी ही महिनाभर रोज घ्यायची दोन हार्मोनची. मुली मैत्रिणीच्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो आणतात, 'हिचे मुरूम यानं गेले, मला हीच द्या'. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही. चार शिव्या खाते, पण देत नाही.

ट्यूबचं तर बोलायलाच नको. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेवर लावायची बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी लोक 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून नावानिशी मागतात. मांजराकाठ, तुम्ही पेढे वाटले त्यात तुमची चूक नाही. पहिल्या आठवड्यात ते मलम खरंच जादू करतं, तेच तर वाईट. स्टिरॉइड सूज दाबतं, कातडी पातळ करतं, आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं.

अजून एक. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असलेल्या मुलींना रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही चालू असतात, आणि दोन्ही एकदम गिळतात. लोह डॉक्सीला पोटातच बांधून ठेवतं, मग ती अंगाला लागत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. आणि डॉक्सी घेऊन लगेच आडवं पडायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. हॉस्टेलच्या दोन पोरींना घास गिळता येईना झाला होता.

---

मांजराकाठ (लातूर) | ५ जुलै, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचे प्रश्न वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते.

रक्तदाब मोजला नव्हता. घरात गुठळीचं कुणाचं माहीत नाही. तंबाखू नाही. पण डोकं दुखतं. वर्षातून चार-पाच वेळा. आधी डोळ्यांपुढे एका बाजूला चमकणारी रेघ दिसते, करवतीच्या दातांसारखी. हळूहळू मोठी होत जाते. फळ्यावरचं अर्धं अक्षर दिसत नाही. वीसेक मिनिटांनी ते जातं आणि मग अर्धं डोकं फुटायला लागतं. मी आजवर याला पित्त समजत आले. लिंबू-सरबत पिऊन अंधारात पडते. हे मुरुमांच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे मला कुठून कळणार होतं?

---

त्वचावैद्य_संभाजीनगर | ६ जुलै, सकाळी ६:१०

ती गोळी सुरू करू नका.

तुम्ही लिहिलेलं वर्णन ऑरा असलेल्या मायग्रेनसारखं आहे. ऑरा म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे दिसणारं ते चमकणं. खात्री समोर तपासूनच होईल. पण ऑरासह मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी कोणत्याही वयात द्यायची नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात. कारण शिरेतली गुठळी नव्हे, पक्षाघात. अशा बायकांत त्याचा धोका मुळात थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन तो आणखी वाढवतं. तरुण वयात एकूण धोका लहानच, पण मुरुमांसाठी तो पत्करायचं कारण नाही. दुसरे मार्ग आहेत.

त्याच डॉक्टरांकडे परत जा. हे शब्द जसे इथं लिहिलेत तसेच कागदावर लिहून न्या. ते रागावणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मला हे कळल्याबद्दल बरंच वाटलं असतं.

---

गोदाकाठची (नांदेड) | ६ जुलै, सकाळी ८:००

अंगावर काटा आला. मी परवा किती सहज म्हटलं की मला बरं वाटलं. मलाही कुणी डोकेदुखीचं विचारलं नव्हतं. मला नव्हती म्हणून निभावलं.

---

आशाताई_केज (बीड) | ६ जुलै, दुपारी ४:४५

मी आशा आहे, आमच्याकडं उपकेंद्रात माला-एन ही संततिनियमनाची गोळी फुकट मिळती. २८ गोळ्यांचं पाकीट. २१ हार्मोनच्या, सात लोहाच्या. ती सुरू करायच्या आधी सिस्टर बीपी मोजतात, लेकरू अंगावर पितंय का विचारतात, डोकेदुखीचं विचारतात. म्हणजे जे सरकारी पाकिटाला विचारलं जातं ते महागड्या गोळीला विचारलं गेलं नाही, याचं वाईट वाटलं.

इथं वाचून कुणी माला-एन मुरुमांसाठी उचलू नका. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. काहींचे मुरूम त्यावर कमी होतात, काहींचे नाही. कुणाला कुठली ते डॉक्टर ठरवतात. छाया ही संततिनियमनाची गोळी तर वेगळीच. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बनलेली सेंटक्रोमन, पहिले तीन महिने आठवड्याला दोनदा, मग आठवड्याला एकदा. तिच्यात हार्मोन नसतं, मुरुमांशी तिचा संबंध नाही. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घेतल्यावर काही बायांना पुटकुळ्या वाढतात, त्या मला येऊन विचारतात. तेव्हा 'ताई, इंजेक्शननं तोंड खराब झालं' म्हणणाऱ्या बाईला खोटं पाडू नये.

माझ्या गावातून दिवाळीच्या आसपास निम्मी घरं कोयत्यावर जातात. उसाच्या फडात पाळीचा दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पैसे कापले. म्हणून बाया पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या जवळ ठेवतात. सांगणारं कुणी नसतं, दुकानदाराला विचारून घेतात. त्यांच्या तोंडावर पुटकुळ्या येतात, पायाला सूज येते आणि त्या म्हणतात ऊन लागलं. माझी कळकळ एवढीच आहे की पायाची एकच पोटरी सुजली, दुखायली, गरम लागायली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर उन्हाचं म्हणून झोपू नका. गाडी करून दवाखान्यात जा आणि कुठली गोळी घेतली ते लपवू नका.

---

त्वचावैद्य_संभाजीनगर | ६ जुलै, रात्री ९:२०

आशाताई, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या ओपीडीत सांगणार आहे.

एक भर. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर संततिनियमनाच्या गोळीचा असर उतरतो. फिट्सवरच्या काही औषधांनीही उतरतो, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. नेहमीच्या अँटिबायोटिकनं तसं होत नाही. आणि टीबीच्या आयसोनियाझिडनं, तसंच तोंडी स्टिरॉइडनं मुरुमांसारखं पुरळ उठतं. ते एकसारखं, छातीवर-पाठीवरही असतं. ते हार्मोनचे मुरूम नव्हेत.

---

हिंगोलीचा_भाऊ | ७ जुलै, सकाळी १०:००

मुलगा आहे म्हणून विचारायला संकोच वाटायला, पण बहिणीचा प्रश्न आहे. तिला एका डॉक्टरनं वर्षभरापूर्वी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी दिली होती. बरं वाटलं म्हणून नंतर तीच चिठ्ठी दाखवून ती घेत राहिली. परत दाखवलंच नाही. आता नोव्हेंबरात लग्न ठरलंय. ओठ फुटतात, बाकी काही त्रास नाही. चालू ठेवायची का लग्नापर्यंत, चेहरा चांगला दिसावा म्हणून?

---

औषधवाली_परभणी | ७ जुलै, सकाळी १०:२५

भाऊ, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. तिला आजच फोन करा. पाकिटावर गरोदरपणाचा ठळक इशारा असतो तो शोभेला नाही. या औषधावर असताना दिवस राहिले तर बाळाच्या मेंदू, हृदय, चेहऱ्यात गंभीर व्यंग होऊ शकतं. ते बंद केल्यावर किमान एक महिना जाईपर्यंत दिवस राहता कामा नयेत. त्या काळात रक्तदानही करायचं नाही. लग्न नोव्हेंबरात आहे, वेळ आहे. डॉक्टरांना आत्ताच भेटायचं आणि कधी थांबवायची ते ठरवून घ्यायचं. वर्षभर यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी झालेली नाही, तीही करायची.

आणि ब्यूटी पार्लरला आधीच सांगा, वॅक्सिंग करायचं नाही. या औषधानं कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर सोलून निघते. गोळी थांबवल्यावरही सहा महिने ते टाळतात. म्हणजे लग्नातही नाही. आधी नवरीला वाईट वाटेल, पण चेहऱ्यावर जखमा घेऊन मांडवात उभं राहण्यापेक्षा बरं. डॉक्सीसायक्लिन आणि हे औषध एकत्र कधीही नाही, डोक्यातला दाब वाढतो.

---

हिंगोलीचा_भाऊ | ७ जुलै, दुपारी १:४०

बोललो. ती रडायली. म्हणाली, मला कुणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी मीच घेऊन जातो नांदेडला.

---

मांजराकाठ (लातूर) | १३ जुलै, रात्री १०:१०

आईला घेऊन गेले होते. माय, तुमचं ऐकलं.

कागद वाचून दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, बीपी घेतलं (११०/७०), आणि सरळ म्हणाले, 'हे मी विचारायला हवं होतं.' पाकीट परत घेतलं. मग आईला बाहेर बसवून माझ्याशी एकटीशी बोलले. लग्न कधी, संबंध आहेत का, दिवस राहण्याची शक्यता आहे का. इतकं साधेपणानं विचारलं की मला लाज वाटली नाही. नंतर आईला आत घेऊन फळ्यावर काढावं तसं कागदावर काढून दाखवलं, हार्मोन, ग्रंथी, तेल. आई म्हणाली, 'म्हणजे ही रक्तदाबाच्या गोळीसारखी औषधाची गोळी.' योगायोगानं आता दिलीय ती खरोखरच मुळात रक्तदाबाची आहे, स्पायरोनोलॅक्टोन. ५० मिलिग्रॅम, सहा आठवड्यांनी १००. डोकेदुखीसाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठीही दिली.

---

त्वचावैद्य_संभाजीनगर | १४ जुलै, सकाळी ७:००

छान झालं. स्पायरोनोलॅक्टोनबद्दल सांगतो, कारण त्याच्यावर इंटरनेटवर फार उलटसुलट वाचायला मिळतं.

हे तेलग्रंथीवर अँड्रोजनची जागाच अडवतं. मुरुमांसाठी ते फक्त बायकांना देतात. पुरुषांत छाती वाढते. मुरूम हा त्याच्या पाकिटावर छापलेला उपयोग नाही, पण जगभर दशकांपासून वापरतात. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४१० बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. अगदी तुम्हाला दिलाय त्याच क्रमानं डोस होता. बारा आठवड्यांना फरक थोडाच होता, चोवीस आठवड्यांना ठळक. म्हणून ऑक्टोबरच्या आधी आरशाला जाब विचारू नका.

लघवी वाढते, म्हणून सकाळी घ्या. लातूरच्या मे महिन्यात यावर असाल तर पाणी कमी पडू देऊ नका, उठताना चक्कर येते. पाळी पुढेमागे होते, मध्येच डाग लागतात. पोटॅशियम वाढू शकतं. निरोगी तरुण मुलीत हे क्वचित, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या सोबत असतील तर तपासायलाच हवं. आणि यावर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, मुलग्याचा गर्भ असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती असते. लग्न ठरलं की आधी डॉक्टरांना सांगा. तांबीसारखा हार्मोन नसलेला उपाय तुमच्या मायग्रेनलाही चालेल. मूल हवं असेल तेव्हा हे बंद, अडापलीनही बंद. अझेलाइक ॲसिडचं मलम गरोदरपणातही चालतं.

---

दोन_लेकींची_माय (अंबाजोगाई) | १४ जुलै, दुपारी ३:३०

डॉक्टर, खाण्यापिण्याचं? मी धाकटीचे शेंगदाणे, तीळ, मिरची सगळं बंद केलंय. पोरगी वाळून चाललीय.

---

त्वचावैद्य_संभाजीनगर | १४ जुलै, रात्री १०:००

शेंगदाण्याची चटणी द्या तिला. तिखटानं, तिळानं मुरूम येतात याला आधार नाही. फार साखर, मैदा, गोड पेयं यांचा आणि काही जणींत दुधाचा संबंध दिसलाय, तो सांभाळा. भाकरी-चटणीनं कुणाचा चेहरा बिघडत नाही.

---

मांजराकाठ (लातूर) | २८ ऑगस्ट, रात्री ९:४५

सहा आठवडे. खरं सांगते, निराश आहे. या पाळीआधी तीन गाठी उठल्या. पाळी बारा दिवस आधी आली. अडापलीननं पहिले पंधरा दिवस तोंडाच्या कडा सोलल्या, मग एक दिवसाआड वाटाण्याएवढंच लावायला लागले, आता सोसतंय. बेंझॉइल पेरॉक्साइडनं उशीचा अभ्रा आणि आवडत्या ओढणीचा रंग उडाला. उद्यापासून गोळी १०० ची.

---

गोदाकाठची (नांदेड) | २८ ऑगस्ट, रात्री १०:०५

थांबू नकोस. पांढरा अभ्रा घाल, जुनी ओढणी वापर. चौथा महिना येऊ दे.

---

हिंगोलीचा_भाऊ | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

बहिणीची गोळी जुलैतच बंद झाली. यकृताचा रिपोर्ट चांगला आला. चेहऱ्यावर दोन-चार पुटकुळ्या आल्यात, पण तिनं स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, तब्येत आधी. परभणीच्या ताई, तुमचा मोठा आधार झाला.

---

मांजराकाठ (लातूर) | १९ डिसेंबर, रात्री १०:३०

पाच महिने झाले. गेल्या दोन पाळ्यांत एकही खोल गाठ नाही. हनुवटीवर एखादी बारीक पुळी येते, चार दिवसांत जाते. डाग अजून आहेत. डॉक्टर म्हणाले, उन्हाचं क्रीम रोज लाव, त्यांना वेळ लागेल.

मायग्रेन पक्कं झालं, ऑराचंच. मेंदूच्या डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली, कधी दुखलं, आधी काय दिसलं. मी पित्त म्हणून उपाशी राहायचे आणि उपाशी राहिल्यानंच ते उठायचं, हे वहीवरून कळलं.

आणि परवा मावशी आली होती. तिच्या सुनेला डॉक्टरांनी तीच जुनी गोळी लिहून दिलीय, पाळी अनियमित म्हणून. मी काही बोलायच्या आधी आईनंच विचारलं, 'तिचं बीपी मोजलं का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही चमकतं का तिच्या?' मावशी तिच्याकडे बघत राहिली. सुनेनं आतून उत्तर दिलं, 'नाही आत्या, डोकं नाही दुखत, पण माझ्या आईला पायात गुठळी झाली होती.'

सोमवारी त्या दोघी परत दवाखान्यात चालल्यात. आई सोबत जाणार आहे.